फाटक्या कानाचं कुत्रं

भुताखेताचं कुणी बोलायला लागलं की मी चहाचा कप खाली ठेवून उठायचो... असा माणूस मी. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवण्यात हयात गेली. लाकूड मापात बसतं किंवा बसत नाही, हेच पोरांना सांगत आलो. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय.

१९९७ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा वर्ध्याला सिंदी मेघेत राहायचो. जवळच्याच सेलूचे एक कापडवाले शेठजी ओळखीतून घरी आले. त्यांच्याकडे जुनी जर्मन रायफल होती – शिकारीची नव्हे, नेमबाजीच्या स्पर्धांची. आजोबांनी कुण्या साहेबाकडून घेतलेली. लायसन्सची भानगड नको म्हणून लोखंड घरी कुलपात ठेवून त्यांनी फक्त लाकडी दस्ता आणला होता.

असं कोरीवकाम मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. अक्रोडाचं लाकूड, त्यावर कसल्याशा परदेशी झाडाची पानं आणि त्या पानांतून धावणारं शिकारी कुत्रं. पण गाल टेकवायच्या जागी मोठा टवका उडालेला. त्याच्याबरोबर कुत्र्याचं डोकंही गेलेलं, नुसतं धड शिल्लक.

"जुना फोटो आहे का?" मी विचारलं.

"नाई मास्तर. मी पाह्यतो तवापासून असंच हाये. तुमाले जमन तसं करा. नव्या घरी शोकेसमधे ठेवाची हाये."

नागपूरहून अक्रोडाचा तुकडा आणला, जोडला, सरस वाळू दिला. नाक पुढे काढलेलं, धावत्या कुत्र्याचं डोकं पेन्सिलीनं आखलं आणि रविवारी सकाळी नऊला कोरायची पटाशी घेऊन अंगणात बसलो.

त्यानंतरचं नीट सांगता येत नाही. झोप नव्हती, गुंगी नव्हती. पण आत एक तगमग... कुणीतरी मागे उभं राहून घाई करतंय अशी. उठावंसं वाटे, उठता येईना.

"अवो, तीनदा आवाज देला! दोन वाजून राह्यले," बायको ओरडली तेव्हा मी खाली पाहिलं.

कुत्र्यानं मान वळवून मागे पाहिलं होतं. माझी आखणी कुठल्या कुठे. आणि एक कान फाटका! पटाशी घसरली म्हणावं, तर काप अगदी स्वच्छ, मुद्दाम घेतल्यासारखा. दुरुस्त करायला हत्यार उचलायचो आणि तसंच खाली ठेवायचो. चार दिवस तेच. शेवटी माफी मागायच्या तयारीनं सेलू गाठलं.

शेठजींना काम आवडलं. पण ओसरीवर त्यांचे काकाजी बसले होते – पंचाहत्तरीचे, दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले. त्यांनी दस्ता मांडीवर घेतला, बोटं फिरवली. बोटं कानापाशी थांबली.

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"काय, काकाजी?"

"हा काप. माह्या मोठ्या भाऊनं केलता, चाकूनं. मान बी अशीच मांगं वळली होती. आमी दोघंच होतो तवा. दुसऱ्या दिशी बंदूक माह्या हातून पडली, टवका उडाला. भाऊ म्हणे, मी पाडली. बाबानं त्याले लय मारलं. त्याच सांजेले निंगून गेला तो... मंग आलाच नाई. तुकडा म्या हिरीत फेकला."

शेठजींनाही हे नवीन होतं. मोठे काका रागीट होते, भांडून पळून गेले, एवढंच त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

काकाजींनी माझा हात चाचपडून धरला. "कुठं हाये तो? तुले भेटला काय?"

मी शपथा घेतल्या. ते ऐकेनात. घरी आलो, पण मन लागेना. वर्गात पोरांसमोर तेच डोकं कोरून पाहिलं. गाढवासारखं झालं. पोरं हसली.

आठ दिवसांनी काकाजींचा निरोप आला. गेलो, तर त्यांनी सागाचा गुळगुळीत तुकडा तयार ठेवला होता.

"भाऊचं तोंड काहाड. मले आठवतच नाई आता... हात लावून पाह्यतो."

नाही म्हणवेना. मी पटाशी टेकवली. काकाजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला, घट्ट. सारी दुपार आम्ही तसेच बसलो. आतून दोनदा चहा आला, निवला. माझा हात जागचा हलला नाही.

शेवटी काकाजी म्हणाले, "येत नाई तो. रागावला असन अजून."

"नाही, काकाजी," मी बोलून गेलो. "रागावलेला माणूस मोडलेलं परत कशाला करून देईल?"

हे मी म्हणालो! ज्यानं जन्मभर असल्या गोष्टी हसण्यावारी नेल्या, त्यानं. डोळ्यांनी कधी न पाहिलेलं कुत्रं माझ्या हातानं कसं कोरलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी बोललो ते खरं होतं की म्हाताऱ्याची नुसती समजूत, तेही नाही.

काकाजींनी मात्र माझं मनगट सोडलं.