सामानाच्या डब्यातली सायकल

“तोंड नको. पाय दाखवा,” मी पोलिसाला म्हटलं.

गोरखपूर स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळापलीकडे, स्ट्रेचरवर एक माणूस झाकून ठेवला होता. चादरीवर माश्या बसत होत्या. सकाळी आम्ही ज्या गाडीतून उतरलो, त्याच गाडीतून तो पुढं कुठंतरी पडला होता. आणि त्याच गाडीच्या सामानाच्या डब्यात माझा नवरा पुढं गेला होता. हमालानं बातमी आणली तेव्हा मी सासूला गाठोड्यांपाशी बसवलं आणि एकटी बघायला आले.

पोलीस हिंदीत म्हणाला, “मुँह देखो, माई. आदमी मुँह से पहचाना जाता है.”

“मेरा आदमी पाँव से पहचाना जाता है,” मी म्हटलं.

ते खरंच होतं. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल उतरवायचा. बाजार तेव्हा नवा होता. एकदा ट्रकवरून सळ्यांचा भारा सुटला आणि त्याच्या डाव्या पायावर आला. पाय राहिला, पण आखूड झाला, आणि बोटं आत वळून एकमेकांवर चढली. त्या पायात तो टायरचा जाड तळ लावलेली चप्पल घालायचा. खोलीपासून नळापर्यंत चालला तरी घामानं भिजायचा. सायकलवर बसला की मात्र धड माणूस. पायडल मारताना तो लंगडा आहे हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. मालकानं त्याला माल मोजायला ठेवला, आणि तो सायकलवरूनच सगळा बाजार फिरायचा.

लुंबिनीला जायचं सासूच्या डोक्यात होतं. आम्ही कोकणातले बौद्ध. वस्तीतल्या विहारातले काही जण बुद्धाचं जन्मगाव बघून आले होते. त्यांनी सांगितलं, सरहद्दीपर्यंत रेल्वे जाते, पुढं नेपाळ, आणि तिथं माणसं पायडल मारून ओढतात त्या रिक्षा. हे ऐकून नवरा उठून बसला.

“माझ्यासारख्या माणसाला घोड्यासारखं जुंपून मी तथागताच्या गावाला जायचं? आपल्याला नाही जमणार.”

“मग काय उडत जानार हायेस?” सासूनं विचारलं.

“सायकल नेतो.”

“परदेशात?”

“परदेशात.”

सासू माझ्याकडं वळली. तिला मी आत्या म्हणायची. “सूनबाय, लोखंड याच्या पायावरच पडलं न गो? का डोक्यावर?”

नवरा हसला. माझं मत कुणी विचारलं नाही. मी न विचारता सांगितलं की हा येडेपणा आहे. तेही कुणी ऐकलं नाही.

सायकल त्यानं स्वतः बांधली. हँडल आडवं फिरवलं, पायडलं काढून कॅरिअरला बांधली आणि सगळी सायकल गोणपाटात शिवून टाकली. वर निळ्या ऑइलपेंटचे दोन पट्टे मारले. लोखंड बाजाराची ही रीत. तिथं माल रंगावर ओळखतात. हा हिरवा ठिपका अमक्याचा, तो लाल पट्टा तमक्याचा. हमालांना वाचता येत नाही, पण रंग चुकत नाही. निळे दोन पट्टे म्हणजे आमच्या मालकाचा माल. कळंबोलीत कुठंही टाकली असती, तरी संध्याकाळपर्यंत कुणीतरी ती सायकल आमच्या दारात आणून उभी केली असती.

ओळखीच्या ट्रकवाल्यानं आम्हाला कल्याणला सोडलं. तिथल्या सामान खात्यातल्या माणसानं सायकल घेतली आणि दोरा लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा दिला. त्यावर गावाचं नाव आणि नंबर लिहिला होता. “हा वर बांधा, दिसेल असा,” तो म्हणाला.

नवऱ्यानं तो पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. “कागद फाटतो,” मला म्हणाला, “रंग फाटत नाही.” आणि जपून राहावा म्हणून गोणपाटाची शिवण थोडी उसवून त्यानं तो पुठ्ठा आत, सीटच्या खाली सारला. वरून शिवण परत घातली. मी बघत होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं मोलाची वस्तू आतच ठेवतात.

वाटेत मोठं स्टेशन आलं की तो खाली उतरून लंगडत शेवटच्या डब्यापर्यंत जायचा आणि सायकल आहे का बघून यायचा. तेवढ्यानं त्याचा पाय सुजला. आत्या म्हणायच्या, “बायकोला कधी एवढं वळून बघितलं न्हाईस.”

“बायको चोरीला जात नाही,” तो म्हणाला. मी त्याला चहा दिला नाही.

ती गाडी गोरखपूरच्या पुढं बिहारात जाणारी होती. सकाळी आम्ही उतरलो. सामानाच्या डब्यातून पेट्या उतरल्या, टोपल्या उतरल्या, कोंबड्यांची खुराडी उतरली. सायकल उतरेना. नवऱ्यानं बोट दाखवलं, “वो हमारा है, नीला पट्टा.” आतला माणूस म्हणाला, “पट्टे का क्या करें? इस पर कुछ लिखा नहीं है.” पुठ्ठा आत आहे हे सांगण्यात वेळ गेला. शेवटी नवरा म्हणाला, थांबा, शिवण उसवून दाखवतो, आणि हातांच्या जोरावर डब्यात चढला. तो शिवण उसवतोय तोवर शिटी झाली. तो सायकल ओढत दारापर्यंत आला आणि गाडी हलली.

मी ओरडले, “उडी मारू नका!” तो सायकल धरून दारात उभा होता. एक हात त्यानं वर केला. तो काय सांगत होता ते मला कळलं नाही. मग गाडी वळली.

तिकिटं त्याच्या खिशात, पैसे माझ्या कनवटीला. आत्यांनी रुळांकडं बघत विचारलं,

“चडला कशाला?”

“सायकलीसाठी.”

“बघ मंग. सायकल त्याला घिऊन गेली.”

माझं शिक्षण चौथी. पाट्या वाचता येतात. वाचत वाचत स्टेशनमास्तरची खोली शोधली. त्यानं सांगितलं, पुढं देवरियाला गाडी थांबेल, तुमचा माणूस उतरेल, दुपारच्या गाडीनं परत येईल, बसा. आम्ही बसलो. दुपारची गाडी आली. मी एका टोकाला उभी राहिले, आत्या दुसऱ्या टोकाला. तो नव्हता. त्यानंतर एक पॅसेंजर आली. तिच्यातही नव्हता. आणि मग तो हमाल आला. त्यानं सांगितलं, सकाळच्या गाडीतून एक माणूस पडला, त्याला घेऊन आले आहेत.

पोलिसानं खालच्या बाजूनं चादर वर केली.

दोन्ही पाय अनवाणी होते. टाचांना भेगा होत्या, त्यात माती सुकली होती. डाव्या पायाची बोटं सरळ होती, एकाशेजारी एक.

“हा नाही,” मी म्हटलं.

“पक्का?”

“पक्का.”

त्यानं चादर सारखी केली. मी नळावर हात धुतले, तांब्या भरून घेतला आणि आत्यांकडं गेले. मी सांगितलं, “ते नाहीत.” त्यांनी तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “मंग कुनाचा हाय?”

“मला काय ठाऊक?”

“त्याची बी आई असंल कुटं बसलेली.”

आपला नाही म्हटल्यावर मला भूक लागली होती, आणि मी चणे खात होते. माणूस असाच असतो. त्यात लाजायचं काही नाही आणि मिरवायचंही काही नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा नवरा आला. गाडीतून नाही. स्टेशनच्या दारातून, सायकल हातात धरून, गोणपाट कॅरिअरला बांधलेलं. अंगावर इतकी धूळ होती की मी आधी सायकल ओळखली. देवरियाला त्याला सायकलीसकट उतरवलं होतं. तिथं कुणाचा तरी पाना मागून त्यानं पायडलं बसवली आणि रस्त्यानं सायकल मारत गोरखपूरला आला होता.

“दुपारची गाडी होती की!” मी म्हटलं.

“होती. पण सायकल पुन्हा सामानात टाका म्हणत होते.”

“मग?”

“मग काय? एकदा बघितलं ना.”

आत्या उठल्या. खाली वाकून त्याच्या पायातली ती जाड तळाची चप्पल काढून घेतली आणि त्याच्या पाठीत घातली. एकदाच. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मग चप्पल त्याच्या पायात परत घातली आणि डब्यातली भाकरी काढून दिली.

तो खात असताना मी त्याला त्या माणसाचं सांगितलं. पायांचंही सांगितलं. तो चावायचा थांबला.

“मीही उडी मारणार होतो,” तो म्हणाला. “गाडी हळू होती तेव्हा. पण आधी सायकल टाकावी लागली असती. ती मोडली असती.”

एवढंच. माझ्या ओरडण्यानं तो थांबला नव्हता. सायकल मोडेल म्हणून थांबला होता. मला पुष्कळ वर्षं याचा राग होता. आता वाटतं, कारण कुठलं का असेना, थांबला.

गोरखपूरहून सरहद्दीकडं छोट्या रुळांची गाडी जायची. तिच्यात सायकल टाकताना पुठ्ठा वर बांधला, आणि मी तो स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला. सरहद्दीवरच्या शिपायानं विचारलं, “साइकिल बेचने ले जा रहे हो?” नवरा म्हणाला, “साहब, पाँव कौन बेचता है?” आत्या पुढं झाल्या. “बेटा, ये साइकिल देख. इसकू कोन लेगा?” शिपाई हसला आणि त्यानं सोडलं.

पलीकडं लुंबिनीला जाणारी बस होती. साधी बस, टपावर सायकल चढवणारी. आमच्या विहारातल्या लोकांनी ती सांगितलीच नव्हती, कारण ते रिक्षानं गेले होते. आत्या आणि मी बसमध्ये बसलो. नवऱ्याला म्हटलं, या, हिला कुणी माणूस ओढत नाही. तो म्हणाला, एवढी आणली आहे तर चालवतो. आम्ही पोचल्यावर खूप वेळानं तो आला.

जन्माची जागा साधी होती. एक दगडी खांब, तळं, झाड. आत्यांनी मेणबत्ती लावली आणि पंचशील म्हटलं. मग आणखी एक मेणबत्ती लावली. कुणासाठी ते सांगितलं नाही. नवरा सायकल झाडाला टेकवून लांब उभा होता, कारण तिथून पुढं सायकल नेऊ देत नव्हते. मग तेवढं अंतर तो चालत आला.

परतताना गोरखपूरला पुन्हा गाडी बदलली. मी नळापलीकडं जाऊन बघितलं. तिथं बटाट्याची पोती लावली होती. पोलीस तोच होता. मी विचारलं, त्या माणसाचं कुणी आलं का? त्याला आधी आठवेना. मग म्हणाला, कोई नहीं आया, माई.

सायकल पुढं गंजून भंगारात गेली. आत्या म्हातारपणानं गेल्या, नवरा दम्यानं. सगळे आपापल्या घरात, आपल्या माणसांत गेले. त्या दिवशी त्या गाडीतून पडलेला माणूस मात्र कुणाचा ते न कळताच गेला, आणि आम्ही तिघं पुढं कितीतरी वर्षं जगलो.