शिवेवरून आणलेला पेशंट

देवळाली प्रवराच्या थोडं आत, उसात बुडालेल्या एका वस्तीवर आक्काबाई राहतात. वस्तीवर माणूस आजारी पडला तर त्याला तालुक्याला नेतात आणि कोंबडी आजारी पडली तर आक्काबाईंकडे आणतात. त्यात कोंबडीचं नशीब जरा बरं, कारण तिला नंबर लावून बसावं लागत नाही. हळद, करडईचं कोमट तेल, लसणाची पाकळी आणि भरपूर शिव्या, एवढा आक्काबाईंचा दवाखाना. बऱ्याच कोंबड्या शिव्यांना कंटाळूनच उठून बसतात, असं लोक म्हणतात. बरी झालेली कोंबडी मालकानं पुढं एखाद्या रविवारी कापली आणि रश्श्याची वाटी पाठवली, तर आक्काबाई ती आल्या पावली परत पाठवतात. पेशंटला खाणारा डॉक्टर कुठं पाहिलाय का, असा त्यांचा सवाल असतो.

माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचं काही चाललं नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांचे मालक मच्छिंद्र यांच्या अंगावरून वारं गेलं. नगरच्या दवाखान्यातून बोलणं शाबूत घेऊन आले, पण उजवा पाय तिकडंच विसरल्यासारखा झाला. गोळ्या, मालिश, चारपायी वॉकर, सगळं झालं. मग संक्रांतीच्या आधी एका सकाळी मच्छिंद्र वॉकर बाजूला सारून उठले आणि चालत गोठ्यापर्यंत गेले. आक्काबाईंनी वस्तीभर गूळ वाटला. गोळ्यांना गुण आला म्हणाल्या.

त्याच आठवड्यात, भर दुपारी घास कापायला गेल्या असता, गावाच्या शिवेवर उसाच्या कडेला त्यांना कोंबडा दिसला. काळाभोर, एका कुशीवर पडलेला. उजवा पाय असा लांबवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतलाय. तुऱ्यावर लाल काहीतरी होतं. कुत्र्यानं ओढला असेल म्हणून त्यांनी ते रक्त पदरानं पुसलं. पायात काळा दोरा होता. वस्तीवर आपापली कोंबडी ओळखायला लोक पायात चिंधी-दोरा बांधतातच. तेव्हा हा कुणाचा, म्हणून आक्काबाई दारोदार विचारत फिरल्या. बायकांनी दोऱ्याकडं पाहिलं, आक्काबाईंकडं पाहिलं आणि दारं लोटली. खर्चाला भितात मेल्या, असं आक्काबाईंनी धरलं. डॉक्टरला पेशंट दिसला की पुढचं काही दिसत नाही, ते हे असं.

पेशंट ओसरीवर आला आणि घर जरा गप्प झालं. बाकीच्या कोंबड्या अंगणात पाय ठेवीनात. कुत्रं रस्त्यापलीकडं बसून राहू लागलं. कोंबडा आरवत नव्हता, बाजरीला तोंड लावत नव्हता. आक्काबाईंनी सहज चहात बुडवलेला भाकरीचा तुकडा पुढं केला तर तो त्यानं मटकावला. मच्छिंद्र तसंच खातात. ते दुपारी आडवे झाले की हाही डोळे मिटायचा आणि ते जागे असले की त्यांच्या खाटेकडं तोंड करून, पापणी न हलवता बसायचा. एकदा ओसरीवरून खाकरल्याचा आवाज आला. आक्काबाई आतूनच म्हणाल्या, "चहा ठिवू का?" बाहेर येऊन पाहतात तर मच्छिंद्र विहिरीकडं गेलेले आणि ओसरीवर एकटा कोंबडा.

त्यांना हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं.

औषधाला मात्र गुण येत होता. कोंबड्याची आखडलेली बोटं उलगडली. ज्या दिवशी त्यानं पाय टेकवला, त्या दिवशी मच्छिंद्र टपरीवरून एकाच चपलेवर घरी आले. दुसरी वाटेत कुठं निसटली, ते त्यांना कळलंच नव्हतं. मग कोंबडा फाटकापर्यंत जाऊ लागला आणि मच्छिंद्रांचं फाटकापर्यंत जाणं बंद झालं. कोंबडा कुंपणावर चढला आणि कपाटामागचा वॉकर पुन्हा बाहेर आला.

एका संध्याकाळी आक्काबाई ओसरीवर कोंबड्याच्या पायाला तेल चोळत बसल्या होत्या. आतून मच्छिंद्र म्हणाले, "आगं, हळू. नखाला लागतंय."

आक्काबाईंनी हात सैल सोडला. थोडं थांबून शेजारच्या बोटावर अंगठा फिरवला.

"हां. आता बरं वाटतंय," आतून आवाज आला.

तेलाची वाटी कलंडली, ती त्यांनी बराच वेळ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटे दीर कानिफनाथ भावाला भेटायला आले. फाटकात मोटारसायकल थांबली आणि कुंपणावरचा कोंबडा पाहून त्यांचा खाली उतरणारा पाय वरच राहिला.

"वहिनी, ह्ये कुठून आनलं?"

मग सगळं बाहेर आलं. भाऊ उठून चालला त्याच्या आदल्या रात्री, तो झोपलेला असताना कानिफनाथांनीच तो कोंबडा त्याच्यावरून ओवाळला होता, कुंकू लावलं होतं, दोरा बांधला होता. सगळी पीडा कोंबड्यावर उतरवून तो शिवेवर सोडला होता आणि मागं न बघता निघून आले होते.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी कोंबडा सोडू दिला असता व्हय?" कानिफनाथ म्हणाले. आता एकच उपाय, कानिफनाथांनी समजावलं. जिथून आणला तिथं नेऊन सोडायचा. नाहीतर जेवढा कोंबडा चालेल, तेवढा दादा बसेल.

आक्काबाईंनी कोंबडा कुंपणावरून काढून काखेत घेतला. त्यानं अंग चोरलं नाही. निघण्याआधी उंबऱ्यापाशी आल्या तेव्हा मच्छिंद्र खाटेवर उठून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कुत्री हायेत तिकडं," ते एवढंच म्हणाले.

आक्काबाई थांबल्या. नवरा आणि कोंबडा, दोघं त्यांच्याकडं पाहत होते आणि दोघांच्या माना एकाच बाजूला कलल्या होत्या. मग त्यांनी कोंबडा मच्छिंद्रांशेजारी खाटेवर ठेवला आणि आयुष्यभर घरच्या, शेजारच्या पोराबाळांना, नव्या नवरीला जे करत आल्या तेच केलं. नवऱ्याच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले, तेच हात कोंबड्याच्या तुऱ्यावरून उतरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. सगळी कडाकडा मोडली.

"वहिनी," कानिफनाथ म्हणाले आणि त्यांना अडवायला पुढं झाले, तोवर झालं होतं. हे आपण गंमत म्हणून करतो. पण त्यात कुणाचं काय कुणाकडं येतं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

आता मच्छिंद्र रोज टपरीवर जातात. कोंबडा मागून चालतो. वाटेत एक खाकरला की दुसराही खाकरतो आणि टपरीवरची माणसं हसता हसता बाक थोडा लांब सरकवतात. कोंबडा आरवायलाही लागला आहे.

परवा पाटाला पाणी सुटलं. आक्काबाई उसाला पाणी धरायला सऱ्यांत उतरल्या. पाणी बर्फासारखं होतं. डाव्या पायातून कळ थेट डोक्यात गेली. उजव्या पायाला काहीच कळलं नाही. त्यांनी खाली वाकून पाहिलं. पाण्यात दोन्ही पाय शेजारी शेजारी होते, दोन्ही त्यांचेच.

घराकडून कोंबडा आरवला. बांधावरून मच्छिंद्र झपाझप येताना दिसले. आक्काबाईंनी फावड्यावर भार टाकला आणि तोंड हसरं केलं. सांगायचं नाही, त्यांनी ठरवलं. सांगितलं तर कानिफनाथ उद्याच्या उद्या दुसरा कोंबडा घेऊन येईल आणि त्याला बरं करायला या वस्तीवर दुसरं आहे तरी कोण?