काउंट पॅप्रिकाशचा हिरवा हात

डेल हॅव्हर्लिकचा चेहरा आमच्या गावात कोणाच्या लक्षात राहत नाही. पोस्टाच्या खिडकीतली लोरेटा गेली वीस वर्षं त्याच्याकडे बघत "पुढचं कोण?" असं ओरडते, आणि पुढचा तोच असतो. चर्चमध्ये नवीन पाद्री दर दोन वर्षांनी येतात आणि दर दोन वर्षांनी त्याला "गावात नवे वाटतं?" असं विचारतात. डेल सहासष्ट वर्षांचा आहे, जन्म इथलाच, आणि ओहायोच्या या कोपऱ्याबाहेर तो फक्त एकदा गेला, तोही चुकीच्या बसमध्ये बसल्यामुळे.

त्याचा डावा हात मात्र आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांत माहीत होता. सतरा वर्षं शेजारी राहूनही हे मला ठाऊक नव्हतं. हा माणूस गवत कापण्याचं यंत्र मागितल्यावर पेट्रोल भरून देतो, एवढीच माझी त्याची ओळख.

आमच्या भागात टीव्हीवर एके काळी शुक्रवारी रात्री भुताचे सिनेमे लागत. सिनेमे असे, की भुताच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसायची. ते सुसह्य व्हावेत म्हणून मधेमधे काउंट पॅप्रिकाश यायचा. काळा झगा, डोक्याला अर्धी बरणी तेल आणि बोलणं थेट स्लोव्हाक आजोबांसारखं. तो सिनेमाची टर उडवायचा, पॅप्रिकाश नावाचा कोंबडीचा रस्सा ढवळत गावातल्या फुटबॉल टीमला शिव्या घालायचा, आणि मग त्याच्या शेजारच्या शवपेटीचं झाकण करकरत वीतभर उघडायचं. आतून एक हिरवा हात बाहेर यायचा. पेटीला लागून स्टुलावर इलेक्ट्रिक गिटार आडवी ठेवलेली असे. तो हात एकटाच तिच्या तारांवर बोटं आपटून सात सूर वाजवायचा आणि परत आत जायचा. सात सूर, बस्स. आज पन्नाशीत असलेला आमच्या गावातला कुठलाही माणूस ते सात सूर भांडी घासताना गुणगुणतो आणि आपण काय गुणगुणतोय हे त्याला कळतही नाही.

तो हात डेलचा होता. नऊ वर्षं. चित्रीकरण मंगळवारी दुपारी व्हायचं. डेल कारखान्यातून सुटला की टीव्ही स्टेशनवर जायचा, हात रंगवून घ्यायचा, पेटीत झोपायचा, बाहेर येऊन हात धुवायचा आणि जेवायला घरी. काउंटची एकच अट होती: हात कोणाचा हे बाहेर सांगायचं नाही. "नाव कळलं की लोक म्हणतील, अरे, हा तर हॅव्हर्लिकांचा पोरगा. मग घाबरणार कोण?" डेललाही ते सोयीचं होतं, कारण त्याची आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि गिटारला ती सैतानाचं खोकं म्हणायची. शुक्रवारी त्याची रात्रपाळी असे, त्यामुळे कार्यक्रम त्याने स्वतः कधी पाहिला नाही. बायको मर्ना एकटी सोफ्यावर बसून नवऱ्याचा हात बघायची.

पुढे कार्यक्रम बंद झाला, टेप पुसून त्यांच्यावर बोलिंगच्या मॅची भरल्या गेल्या, आणि कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसने डेलची डावी करंगळी अर्धी नेली. तो मात्र वाजवत राहिला. त्याच्या गॅरेजमध्ये दर गुरुवारी चार म्हाताऱ्यांचा रॉक बँड जमतो. चौघांत मिळून गुडघे आठ, त्यांतले तीन बदललेले. ते इतकं मोठ्याने वाजवतात की माझ्या कपाटातले कप जागा बदलतात.

गेल्या वर्षी काउंट वारला. त्याच्या बायकोने शवपेटी वाचनालयाला दिली आणि वाचनालयाने ऑक्टोबरात जुन्या आठवणींचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. पेटी, झगा, रश्श्याचा डाव, आणि शेजारी एक पिवळं कार्ड: 'हात: ग्लेन ओस्टरमायर'.

ग्लेन ओस्टरमायर विमा विकतो. चाळीस वर्षं विकतोय. या माणसाशी बोलायला बसलं की आपण मरणार आहोत याची खात्री पटते आणि तरीही बरं वाटतं. "तो हात माझाच होता बरं का," असं तो कधीतरी एका लग्नात म्हणाला. लोक हसले, त्याला मजा वाटली, आणि मग तो दर लग्नात म्हणू लागला. तीस वर्षांत त्याला स्वतःलाही ते पटलं असावं.

ते कार्ड डेलने पाहिलं त्या दिवशी तो माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. हातात काही मागायला आणलेलं भांडं नाही, काही परत करायचं नाही.

"माझं नाव कुठेच नाही," तो म्हणाला. "कारखाना पाडला. चर्चच्या पाटीवर आईचं आहे. थडग्यावर येईल, पण ते मला वाचता येणार नाही. ते एक कार्ड माझं होतं."

आणि मग त्याने मला हाताची गोष्ट सांगितली. मी हसलो नाही, याचं श्रेय मला कोणी देत नाही.

दुसऱ्या दिवशी डेल, मर्ना आणि मी वाचनालयात गेलो. तिथली टेसा व्हॅनहॉर्न एकोणतीस वर्षांची, कामाला चोख. तिने टेबलावर एक फोटो ठेवला. विजेच्या सामानाच्या दुकानाचं उद्घाटन, काउंट झग्यात, शेजारी मिसरूड फुटलेला ग्लेन आणि त्याचा डावा हात हिरवागार.

"त्या दिवशी काउंटने दुकानात येईल त्याचे हात रंगवले होते!" मर्ना म्हणाली. "फुकट होतं. आमच्या कुत्र्याचा पंजासुद्धा हिरवा होता."

"कुत्र्याने काही दावा केलेला नाही," टेसा म्हणाली. "मिस्टर हॅव्हर्लिक, तुमच्याकडे काही फोटो?"

"लपवायचं होतं ना. फोटो कसा असेल?"

"आणि टीव्हीवरच्या हाताला बोटं पाच होती असं सगळे सांगतात."

डेलने आपला साडेचार बोटांचा हात खिशात घातला. मग म्हणाला, "वाजवून दाखवतो." गिटार त्याने आणलीच होती. तेवढ्यात ग्लेनही आला. आमच्या गावात वाचनालयात कोणी मोठ्याने बोललं तर ते विमा कार्यालयात ऐकू जातं. डेलने गिटार टेबलावर आडवी ठेवली आणि एका हाताने सात सूर वाजवले. एकदम स्वच्छ.

मासिकं चाळत बसलेल्या दोन बायकांनी मान हलवली, पण आडवी.

"जवळपास आहे," ग्लेन उदारपणे म्हणाला. "पण ते हे नाही, डेल. वाईट वाटून घेऊ नकोस. तू नेहमी छानच वाजवतोस."

"मग तू वाजव!"

"माझा संधिवात!"

बाहेर आल्यावर मर्ना म्हणाली, "अरे, तू चुकीचं वाजवलंस."

"चुकीचं? मी बसवलेले सूर आहेत ते! पाचव्या सुराला तार वर ढकलायची, तो पूर्ण चढतो."

"टीव्हीवर नाही चढायचा. आंबट लागायचा. मला वाटायचं तू मुद्दाम करतोस, भुताचं म्हणून."

"नऊ वर्षं? पेटीत मला ऐकू यायचं नाही, आवाज थेट टेपवर जायचा, आणि तू मला एकदा सांगितलं नाहीस?"

"तू कुठे मला विचारलंस? रात्रपाळीहून यायचास आणि झोपायचास."

त्यानंतरचे आठ दिवस डेल गॅरेजमध्ये तो पाचवा सूर मुद्दाम चुकवायचा प्रयत्न करत होता. जमेना. कमी चढवला तर बेसूर, जास्त चढवला तर दुसरंच काहीतरी. भिंतीपलीकडून मी ते ऐकत होतो. आयुष्यभर सुरात राहिलेल्या माणसाला एका मापाने चुकणं किती अवघड असतं, ते माझ्या बायकोनेही ऐकलं आणि कानात कापूस घातला.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री भुतांची सोंगं घेऊन मुलांनी घरोघरी गोळ्या मागत फिरायची वेळ नगरपालिका ठरवते. सहा ते आठ. सहाला अग्निशमन केंद्राचा भोंगा वाजला की सुरू आणि आठला वाजला की बंद. आठ वाजून एक मिनिटाने दारात आलेल्या चिमुकल्या चेटकिणीला मी स्वतः परत जाताना पाहिलंय. त्याच दोन तासांत वाचनालयाच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम होता. भिंतीवर एक जुना सिनेमा, खालच्या टेबलावर सफरचंदाचा गरम रस आणि डोनट, आणि साडेसातला शवपेटीतून प्रत्यक्ष हात. पेटीत ग्लेन झोपून हात हलवणार, आणि गिटार पडद्यामागे डेल वाजवणार, कारण गावात दुसरं कोणी ती एका हाताने वाजवू शकत नव्हतं.

"म्हणजे माझा हात त्याचा, आणि माझे सूरही त्याचे," डेल म्हणाला. तरी गेला. टेसाने नीट विचारलं होतं, आणि डेलला नाही म्हणता येत नाही.

घडी घालायच्या खुर्च्यांवर दीडशे माणसं. लहान मुलं थोडीच. ती गोळ्यांच्या मागे होती. बसलेले सगळे पन्नाशीचे, मांडीवर रजया. साडेसातला ग्लेन हिरवा हात लोकांना दाखवत पेटीत शिरला आणि झाकण खाली आलं. म्हणजे यायला निघालं. ग्लेनच्या पोटावर ते थांबलं.

"श्वास सोड!" कोणीतरी ओरडलं.

"सोडलाय!"

अग्निशमन दलाचे दोघं झाकणावर बसले. आतून ग्लेन म्हणाला, "मला विम्याचे नियम माहीत आहेत, मला बाहेर काढा!" त्याला काढलं. तो घामाने भिजला होता आणि त्याचा हिरवा रंग शर्टभर झाला होता.

टेसाने घड्याळ बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. "मिस्टर हॅव्हर्लिक, तुम्ही मावाल का?"

डेल पडद्यामागून आला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बऱ्याच जणांना तो सफाई कामगार वाटला. मर्नाने उरलेला रंग त्याच्या हाताला फासला, गिटार पेटीला लागून स्टुलावर आडवी ठेवली. डेल आत झोपला आणि झाकण बसलं.

ते करकरत वीतभर उघडलं. हात बाहेर आला. पहिले चार सूर वाजले. पाचव्यासाठी त्याने तार वर ढकलली, आणि झाकणाची जड कड त्याच्या कोपराखाली बसली. हात तेवढाच सरकला जेवढा सरकू शकत होता. सूर चढता चढता आंबट होऊन थांबला.

दीडशे माणसं उभी राहिली. रजया खाली पडल्या. कोणीतरी म्हणालं, "हाच!" माझ्या पुढच्या खुर्चीवरची लोरेटा रडत होती आणि डोनट खात होती. "मी आठ वर्षांची होते," ती मला म्हणाली, "बाबा मला उठवायचे, फक्त हात बघायला. सिनेमा सुरू झाला की परत झोपवायचे."

पेटीतल्या माणसाला काहीच दिसत नव्हतं. त्याने ते सात सूर परत वाजवले, आणि परत. पाचवा दर वेळी तसाच आंबट. लोकांनी "बाहेर ये, बाहेर ये" असा घोष धरला, पण काउंटला दिलेला शब्द डेल विसरला नव्हता. तो आठचा भोंगा होईपर्यंत आतच राहिला. भोंगा झाल्यावर मर्नाने झाकण उचललं.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"ऐकलं. भयंकर आहे," डेल म्हणाला. "नऊ वर्षं हे लोकांना ऐकवलं मी?"

मग रांग लागली. प्रत्येकाला तो हात हातात घ्यायचा होता. अर्ध्या करंगळीबद्दल कोणी विचारलं नाही. ग्लेन रांगेत सगळ्यात शेवटी होता, शर्ट हिरवा.

"तुझी जागा मी तीस वर्षं राखून ठेवली," तो म्हणाला. "नाहीतर लोक विसरले असते."

डेलने थोडा विचार केला. "तेही खरंच आहे," म्हणाला, आणि त्याच्याशीही हात मिळवला.

सोमवारी टेसाने कार्ड बदललं. 'हात: डेल हॅव्हर्लिक'. डेल रोज दुपारी वाचनालयात जातो, वर्तमानपत्र वाचतो आणि निघताना एकदा ते कार्ड वाचतो. मंगळवारी मी त्याच्याबरोबर पोस्टात होतो. लोरेटाने त्याच्या चेहऱ्याकडे नेहमीसारखं आरपार बघितलं आणि ओरडली, "पुढचं कोण?"

डेलने डावा हात खिडकीच्या फळीवर ठेवला. नखांच्या कडेला अजून हिरवं होतं.

"अगंबाई, तुम्ही!" लोरेटा म्हणाली. "या ना. काय देऊ? तिकिटं?" आणि हाताकडेच बघत तिने प्रेमाने विचारलं, "पावतीवर नाव काय घालू?"