आठ मार्कांची कारवाई

आमचे मंत्रिमहोदय भाषणात मला 'माझे मराठीचे गुरू' म्हणतात. नाशिकमधल्या कुठल्याही समारंभात मी मागच्या रांगेत दिसलो, की हाताला धरून व्यासपीठावर नेतात, सगळ्यांसमोर माझ्या पायाशी वाकतात आणि फोटो निघेपर्यंत वाकलेलेच राहतात. मीही दर वेळी आशीर्वाद देतो. आपलं पाप समोर आलं तर माणसाने निदान ओळख तरी दाखवावी.

खरी गोष्ट अशी, की हा विद्यार्थी नववीत माझ्याच विषयात नापास होता. पस्तीसला आठ कमी. निकालाच्या आदल्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. शहराच्या कडेला त्यांचा भाजीचा मळा होता. टोपी हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, एवढ्या वेळी ढकला वर. पोरगं लय गुणी हाय." हेडमास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं, म्हणजे ढकला. मी ढकलला. निकालपत्रावर 'वर्गोन्नत' असा भारदस्त शब्द उमटला.

त्याच वर्षीच्या सहामाहीतलं त्याचं पत्रलेखन मला अजून पाठ आहे. नळ गळतो म्हणून पालिकेला अर्ज लिहायचा होता. याने शेवटी लिहिलं होतं, 'तरी नळावर योग्य ती कारवाई करावी.' मी लाल शाईने शेजारी लिहिलं, 'कार्यवाही! म्हणजे काम पुढे नेणे. कारवाई म्हणजे शिक्षा. नळाने काय गुन्हा केला?' वर्ग महिनाभर हसत होता. तोही हसत होता, आणि मला वाटलं, चला, पोराला कळलं.

पुढे त्याला ढकलणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. गणेश मंडळाने पंचायत समितीत ढकलला, तिथल्यांनी कंटाळून जिल्हा परिषदेत, तिथून विधानसभेत. चौकाचौकात फ्लेक्सवर 'भावी आमदार' म्हणून लटकायचा, तो एक दिवस खरोखर आमदार झाला. मग एका पक्षात वर जायला जागा उरली नाही, म्हणून विकासासाठी दुसऱ्या पक्षात गेला. विकासाचं माहीत नाही, पण मंत्रिपद तिथेच होतं. कॅबिनेट. शपथविधी मी घरी टीव्हीवर पाहिला आणि उच्चारातल्या चुका मोजायचं टाळलं.

मी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, हा माझा मोठा तोरा. तो मुलीपायी उतरला.

माझी मोठी मुलगी हरसूलकडच्या डोंगरात एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. बाळंतपणाची रजा संपल्यावर तिने मुलाला आमच्याकडे नाशिकला ठेवलं. जावई नोकरीपायी बाहेरगावी. ती रविवारी सकाळी येते आणि संध्याकाळी जाते. घरात तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो, म्हणून मुलगाही ताईच म्हणतो. आई म्हणतो माझ्या बायकोला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुलगी हसली होती. नंतर नंतर हसायची थांबली. मला ते बघवेना. सायखेड्याच्या बाजूला एक जागा रिकामी होती. तिथून ती रोज घरी येऊ शकली असती.

मी अर्ज लिहून घेतला आणि मंत्रिमहोदयांच्या संपर्क कार्यालयात गेलो. त्यांनी चारचौघांत पाया पडून घेतलं, अर्जावर उभ्याउभ्या शेरा मारला, सही ठोकली. "सर, काम झालं समजा." मी अर्ज संबंधित कार्यालयात नेऊन दिला. चष्मा खिशातच राहिला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आणि ही एवढी एक ओळ वाचली नाही.

तीन आठवड्यांनी मुलीला बदलीच्या आदेशाऐवजी नोटीस आली. 'मा. मंत्रिमहोदयांच्या निर्देशानुसार आपणांवर योग्य ती कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा करावा.' सोबत शेऱ्याची प्रत. जाड पेनने लिहिलेलं तेच वाक्य, नववीतलं. फक्त नळाच्या जागी माझी मुलगी.

मी प्रत घेऊन धावत गेलो. मंत्रिमहोदय वाचून मोठ्याने हसले. "सर, नळ आठवला!" मग स्वीय सहायक त्यांच्या कानाशी लागले. शेरा मागे घेतला तर मंत्र्यांना मराठी येत नाही अशी बातमी होईल, वर मंत्रिमंडळातला फेरबदल तोंडावर. महोदय गंभीर झाले. "सर, ताईंना खुलासा देऊ द्या. चार-सहा महिन्यांत प्रकरण आपोआप निकाली निघेल. तोवर बदलीचं काही करता येणार नाही. एवढ्या वेळी सांभाळून घ्या."

आवाज हुबेहूब त्याच्या वडिलांचा. आणि मी पुन्हा मान हलवली! मला माझाच संताप आला, पण तो मी जिना उतरल्यावर काढला.

त्या रविवारी मुलगी खुलासा लिहायला बसली. "बाबा, तो तुमचा हुशार विद्यार्थी ना? मग एवढा शब्द कसा चुकला?" तेव्हा मी तिला आठ मार्कांचं सांगितलं. तिने खुलासा पुढे लिहायला घेतला. 'कार्यवाही' तेवढं माझ्याकडून तपासून घेतलं.

ऊन उतरलं तसा नातू बाहेरच्या खोलीतून आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, बस."

आजवर तो तिला आपणहून काही म्हणाला नव्हता. कागद बाजूला सारून ती फरशीवर मांडी घालून बसली आणि तिने हात पुढे केले.

तो आत गेला आणि तिची पिशवी दोन्ही हातांनी ओढत घेऊन आला. दर रविवारी या वेळेला आम्हीच म्हणतो ना, ताई, बस चुकेल.