दिवे चालू आहेत ना?

चीफ समुद्राला घाबरत. उभं आयुष्य जहाजाची इंजिनं सांभाळलेला हा धिप्पाड माणूस सिंगापूरसारख्या बेटावर स्थायिक झाला, पण चोआ चू कांगमध्ये, खिडकीतून पाणी दिसणार नाही असा फ्लॅट शोधून. मराठी मंडळाची सहल किनाऱ्यावर निघाली की यांच्या पोटात हमखास दुखायचं. वहिनी हसायच्या, "यांचं पोट भरती-ओहोटीवर चालतं!"

आणि हाच माणूस भक्त होता पार उत्तर अटलांटिकातल्या फेरो बेटांवरच्या एका चिमुकल्या फुटबॉल क्लबचा, ज्याचं मैदान थेट समुद्राला टेकलेलं! कोळ्यांनी खडक फोडून ते केलं, चेंडू पाण्यात गेला की आणायला होडी तयार असते, गोलकीपर एरवी शाळेत शिकवतो, हा सगळा इतिहास चीफ घरच्या माणसांबद्दल सांगावा तसा सांगत. "आमच्या क्लबाने आजवर एकही कप जिंकलेला नाही," हे तर फारच अभिमानाने. मी खालच्या मजल्यावरचा शेजारी. रॅफल्स प्लेसहून ऑफिस आटोपून आलो की मुलीला घेऊन त्यांच्या लॅपटॉपवर मॅच बघायला जायचो. "अंकल, युवर टीम ऑल्वेज लूज लाह," मुलगी वैतागायची. चीफचं लक्ष गोलकडे नसायचंच. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दिवे चालू आहेत ना?"

कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही नजर चुकवून. त्या बेटांजवळ त्यांचं जहाज वादळात बुडालं होतं. लाइफबोटीत मिट्ट काळोख, किनारा कुठल्या बाजूला तेच कळेना. "मरणाची नव्हे रे, आपण कुठे गेलो हे कुणालाच कळणार नाही, याची भीती." तेवढ्यात, वादळात कुणी भरकटलं असेल म्हणून गावकऱ्यांनी मैदानावरचे सगळे दिवे लावले. त्या उजेडाच्या रोखाने हे वल्ही मारत आले. क्लबवाल्यांनी आपल्या कोरड्या जर्सी यांच्या अंगावर चढवल्या.

गेल्या डिसेंबरात चीफच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलात ते ती जर्सी उशाशी घेऊन पडले होते, हात बर्फासारखे गार. "पुन्हा तसाच काळोख असेल रे," ते पुटपुटले. धीर द्यायला गेलो, पण मीच इतका घाबरलो होतो की त्यांची चादरच नीट करत बसलो. आदल्या दिवशी मी क्लबाला चीफबद्दल सगळं कळवणारा मेसेज पाठवला होता, त्याला उत्तर नव्हतं.

दुपारी आत न्यायच्या जरा आधी फोटो आला. तिकडे सकाळ झाली होती, पण हिवाळ्यामुळे उजाडलं नव्हतं. रिकामं मैदान आणि सगळे दिवे लागलेले. खाली क्लबच्या माळ्याने लिहिलं होतं, "तुमचे चीफ पोचेपर्यंत चालू ठेवतो." चीफनी फोन दोन्ही हातांत धरला. "चालू आहेत," म्हणाले आणि नर्सला मान हलवून निघायची खूण केली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. त्यांचा उतरलेला चेहरा पाहताच वहिनींनी माझा दंड घट्ट पकडला. "सॉरी," डॉक्टर एवढंच म्हणाले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"इकडे कधीच उजाडलंय. चीफ पोचले का? दिवे बंद करू?"

मी लिहिलं, "एवढ्यात नको."