जोयुं

फतेगंज भागात आमच्या ऑफिसखाली एक नोटरीकाका टेबल टाकून बसतात. क्लायंटचे कागद घेऊन मी जवळजवळ रोज त्यांच्याकडे जाते. मी फार बोलत नाही, ते फार विचारत नाहीत, त्यामुळे आमचं जमतं. कुणी सही करत असलं की काका वाजणारा फोनसुद्धा उचलत नाहीत. फक्त पेनाच्या टोकाकडे पाहतात. सही झाली की गुजरातीत "जोयुं" म्हणतात, म्हणजे पाहिलं, आणि मगच शिक्का मारतात.

पेन्शनसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावर मी बाबांचा अंगठा घरीच उठवून नेला.

"अंगठा? बाबा तर ऑफिसर होते ना?"

"पॅरॅलिसिसनंतर हात थरथरतो, काका."

"दहा वर्षं वकिली केली बेटा, तेव्हा हा शिक्का मिळाला. न पाहता मारायला नाही. नवा कागद काढ, संध्याकाळी मीच येतो."

समा भागातल्या आमच्या घरी दोन जिने चढून ते धापा टाकत आले. बाबांना म्हणाले, "साहेब, सहीच करा. मला घाई नाही."

पेन दोनदा निसटलं. मी सवयीने खिडकीकडे तोंड वळवलं. तो हात मला बघवत नाही.

"कागदावर साहेबांची ओळख पटवणारी तू आहेस," काका हळूच म्हणाले. "इकडे बघ."

मी बघितलं. वाकडीतिकडी, पण बाबांचीच सही. पेन ठेवून बाबांनी मलाच विचारलं, "पाहिलंस?"

शिक्का हातात धरून काका माझ्या उत्तरासाठी थांबले.