फिलिपचा राखाडी झेंडा

गल्फमध्ये राहिलेल्या प्रत्येक बाईकडे दूध पावडरचे रिकामे डबे साठलेले असतात. फेकवत नाहीत आणि उपयोगही काही नसतो. माझ्याकडे मस्कतमधल्या रुवीच्या बिल्डिंगमधले किस्से तसेच साठलेत. आमचे हे म्हणायचे, "तुला दुसऱ्याच्या घरात एवढं काय दिसतं गं?" आता दारं समोरासमोर, त्यात फिलिपच्या घरून दर शुक्रवारी असा आरडाओरडा की भिंतीवरचं घड्याळ हलावं. मग माणसाने बघायला जायचं नाही तर काय करायचं?

फिलिप वसईचा. तिथल्याच गाला नावाच्या भागात एका मोठ्या गॅरेजात फोरमन. त्याची बायको रेजिना, हिच्या हाताची चव अजून जिभेवर आहे. फिलिपचा साहेब होता वॉल्टर, अमेरिकन, दारातून वाकून आत येणारा. या वॉल्टरची बहीण तिकडे रविवारच्या मॅचेस टीव्हीवरून टेप करायची आणि ती टेप कंपनीच्या पार्सलातून पुढच्या आठवड्यात मस्कतला यायची. शुक्रवारी फिलिप-रेजिना चर्चहून आले की त्यांच्या हॉलमध्ये बैठक. वॉल्टर, वरच्या मजल्यावरचे पुण्याचे कुलकर्णी आणि मी. आठवडाभराचा अमेरिकन फुटबॉल!

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकलं तर बॉल दुसऱ्याला. मला एवढंच कळलं, आणि तेवढ्यावर मी कित्येक वर्षं ओरडले.

* * *

वॉल्टरची टीम निळी आणि जिंकणारी. फिलिपने धरली ती हरणारी. पहिल्याच टेपमध्ये त्या लोकांना असं काही तुडवलं होतं की मला बघवेना. सगळे वॉल्टरचं अभिनंदन करत होते आणि फिलिप म्हणाला, "आपण ह्यांचे."

कुलकर्णी म्हणाले, "अहो, हरले की ते."

"म्हणून तर. जिंकणाऱ्याची चौकशी सगळेच करतात, साहेब. हरल्यावर कोणीतरी विचारायला पाहिजे ना, बाबा, जेवलास का?"

तेव्हापासून फिलिपचं एकच मागणं. आपली टीम जिंकताना एकदा डोळ्यांनी बघायची. वॉल्टरच्या बहिणीच्या गावात यांच्या मॅचेस दिसायच्या वर्षातून दोनदा-तीनदा, आणि नेमक्या त्याच हरलेल्या. बाकीच्या वेळी कधी जिंकले तर वॉल्टर सांगायचा. फिलिप म्हणायचा, "सांगितलेलं जेवण आणि वाढलेलं जेवण एक असतं का?"

* * *

झेंड्याची गोष्ट सांगते.

अमेरिकन टेप आपल्याकडच्या साध्या व्हीसीआरवर लावली की चित्र ब्लॅक अँड व्हाइट यायचं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटलं, तिकडे खेळ असाच, साध्या कपड्यांत खेळतात. वॉल्टरची टीम निळी हेसुद्धा तो सांगायचा म्हणून आम्ही मानायचो. फिलिपचे लोक दिसायचे राखाडी. रेजिनाने त्याच्या जुन्या पँटच्या कापडाचा झकास राखाडी झेंडा शिवला, कडेला टीप घातली, काठी लावली. कुलकर्णी म्हणाले, "रंग कसा भारदस्त आहे, बघा."

पुढे फिलिपने मल्टिसिस्टम, म्हणजे कुठल्याही देशाची टेप नीट चालवणारा व्हीसीआर घेतला. सगळे जमलो. टेप लावली आणि मैदानात धावत आली पिकलेल्या भोपळ्याच्या रंगाची माणसं!

फिलिपने हातातल्या झेंड्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. रेजिना म्हणाली, "नारिंगी कापड आहे माझ्याकडे. उद्या शिवते."

"राहू दे," फिलिप म्हणाला. "त्यांना काय कपडे बघून धरलंय?"

झेंडा शेवटपर्यंत राखाडीच राहिला.

* * *

टेप येईपर्यंत स्कोअर कळू द्यायचा नाही, हा आमच्या बैठकीचा कडक नियम. अडचण वॉल्टरची. त्याला सोमवारीच बहिणीचा फोन यायचा, आणि त्या माणसाच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असायचं. म्हणून फिलिप ज्या आठवड्यात नारिंगीवाल्यांची मॅच असेल त्या आठवड्यात साहेबाकडे बघायचाच नाही. बोलायचा ते बॉनेटमध्ये डोकं घालून. समोरासमोर आलाच तर त्याच्या बुटांकडे बघून.

गॅरेजचा ओमानी मालक, म्हणजे अर्बाब, भला माणूस. त्याला वाटलं, दोघांचं मोठं भांडण झालंय. एक दिवस त्याने दोघांना ऑफिसात बसवलं, कहवा दिला, खजूर पुढे केले आणि हात मिळवा म्हणाला. फिलिपने हात मिळवला, डोळे घट्ट मिटून!

शेवटी वॉल्टरने सगळं समजावून सांगितलं. अर्बाबने शांतपणे ऐकून घेतलं आणि फिलिपला म्हणाला, "इन्शाल्ला, तुझे लोक जिंकतील. पण तोवर निदान गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत जा."

* * *

कुलकर्ण्यांना प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची हौस. एका शुक्रवारी त्यांनी मॅच थांबवली आणि रेजिनाच्या स्वयंपाकघरातनं भांडी आणून गालिच्यावर मांडली. पेले म्हणजे बचाव करणारे, चमचे म्हणजे पळणारे, आणि मधे एक मोठी वाटी, तो मुख्य, बॉल फेकणारा. "आता सगळ्यांनी या वाटीला वाचवायचं," कुलकर्णी म्हणाले.

रेजिना आतून आली. पेल्यांच्या रांगेतून सरळ हात घालून वाटी उचलली आणि सुरमईचं कालवण भरून कुलकर्ण्यांच्याच हातात दिली. जेवायची वेळ झाली होती आणि वाटी कमी पडत होती.

कुलकर्णी शुद्ध शाकाहारी. पण एवढं सगळं सांगून झाल्यावर नाही कसं म्हणणार? खाल्लं. मग पुन्हा वाटी पुढे केली.

वॉल्टर म्हणाला, मैदानातला असा हल्ला त्याने आयुष्यात बघितला नव्हता.

* * *

आणि बारशाची टेप. म्हणजे यांच्यात बाप्तिस्मा.

एकदा खरंच नारिंगीवाले जिंकत आले, तेही वॉल्टरच्या निळ्यांविरुद्ध. शेवटची दोन मिनिटं. त्यांचा सात नंबरवाला, वयाने थोराड, जरा लंगडत पळणारा, फिलिपचा फार लाडका. त्याच्या हातात बॉल आला, समोर मोकळं मैदान, फिलिप झेंडा घेऊन उभा, आम्ही सगळे उभे... आणि टीव्हीवर एकदम वसईचं चर्च! रेजिनाच्या बहिणीचं बाळ, पांढऱ्या झबल्यात. फादरनी डोक्यावर पाणी घातलं आणि बाळाने टाहो फोडला.

आदल्या दिवशी रेजिनासाठी बाप्तिस्म्याच्या कॅसेटची कॉपी फिलिपनेच काढली होती. घाईत रिकामी समजून हीच टेप घातली.

रेजिना अपराध्यासारखी बसली. फिलिप झेंडा तसाच धरून बाळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पोरगं गोड आहे."

वॉल्टरने सांगितलं, सात नंबरवाला पोचला, तुम्ही जिंकलात. फिलिप हसला, हात मिळवला. पण त्याचं वाढलेलं ताट उचलून नेलं ते नेलंच.

* * *

आता शेवटच्या शुक्रवारचं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. फिलिपची नोकरी खलास, व्हिसा संपत आलेला. वसईला कायमचं जायचं. तिथे कुठला वॉल्टर आणि कुठली टेप? म्हणाला, "जाण्याआधी एकदा जिंकले ना, तर विमानात शांत झोपेन." आणि योग असा, की त्याच आठवड्यात नारिंगीवाल्यांची मॅच होती आणि टेप येणार होती.

मला राहवेना. वॉल्टर जिन्यात भेटला तेव्हा त्याला अडवून विचारलंच. त्याने मान हलवली. हरले होते, आणि वाईट हरले होते. मी वर जाऊन कुलकर्ण्यांना सांगितलं. ते खाली येऊन वॉल्टरशी काहीतरी बोलले आणि वॉल्टरने माझ्याच घरून बहिणीला फोन लावला. ती बाई प्रत्येक मॅचची एक टेप स्वतःकडेही ठेवते, हे वॉल्टरला तेव्हा कळलं. पार्सल निघायच्या आत तिने ती जुनी, जिंकलेली मॅच शोधून त्यात घातली, पूर्ण, शेवटासकट. फिलिपला सांगायचं, हीच या आठवड्याची.

शुक्रवारी गेलो तर घर रिकामं. सोफा गेलेला, मल्टिसिस्टम व्हीसीआर सामानाबरोबर वसईच्या वाटेला लागलेला. मी माझा साधा व्हीसीआर नेला. टीव्ही कुलकर्ण्यांचा. चित्र आलं ब्लॅक अँड व्हाइट, आणि मैदानात धावत आली राखाडी माणसं. रेजिनाने कागदात गुंडाळलेला झेंडा बाहेर काढला. तो तेवढा तिने सामानात दिला नव्हता.

आम्ही जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने पडद्यावर सात नंबरवाला आला, लंगडत. तो खेळ सोडून किती वर्षं झाली होती! मी कुलकर्ण्यांकडे बघितलं, कुलकर्ण्यांनी छताकडे. वॉल्टर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

फिलिप एवढंच म्हणाला, "आज बरा पळतोय."

मॅच पुढे सरकली. शेवटची दोन मिनिटं आली. सात नंबरवाल्याच्या हातात बॉल, समोर मोकळं मैदान. रेजिनाने माझा हात दाबून धरला. तो पळाला, एकजण अंगावर आला, त्याला चुकवून पुढे गेला, पोचला, आणि त्याच्यावर त्याची सगळी माणसं येऊन पडली. राखाडी ढीगच झाला. वॉल्टर स्वतःच्या टीमविरुद्ध टाळ्या वाजवत होता. कुलकर्ण्यांनी चष्मा काढून पुसला.

फिलिपने झेंडा दोन्ही हातांनी उंच धरला होता. डोळे टीव्हीवरून हलेनात. मॅच संपली, चित्र गेलं, नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या, तरी तो तसाच उभा.

मग त्याने सावकाश मान वळवून आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. वॉल्टरच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ. आणि विचारलं,

"आणि बाळ कुठे गेलं?"